नदीवर परीट नव्हता, कमलताई

कमलताई, तुझं तेरावं झालं आणि पाटणकर माझ्या विठ्ठलवाडीच्या घरी येऊन बसले. वाचनालयाच्या अंकात तुझ्यावर दोन पानं यायला हवीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मसुदाही करून आणला होता. माहेर कुठलं, लग्न कधी झालं, मांजर्लीतली पिठाची गिरणी नवऱ्याच्या माघारी कशी चालवली, पक्षीनिरीक्षणाची आवड, मागे मुलगा आणि सून. वाचून मला वाटलं, ही बाई कोण? मी त्यांना म्हटलं, हे तुमच्याकडेच ठेवा, कमलताईवर मी लिहिते. ते म्हणाले, तुम्ही त्यातही तिच्याशी भांडाल. म्हटलं, भांडणारच. इतकी वर्षं भांडले, आता ती गेली म्हणून गोडगोड बोलायला लागले तर तिला ओळखसुद्धा पटायची नाही.

आणि आपला वाद मिटला कुठे होता? एखाद्याला वाईट गोष्ट सांगायची असेल तर त्याने विचारल्यावर सांगायची, असं मी म्हणायचे. दोस्ताने विचारायची वाट बघायची नसते, असं तू म्हणायचीस. दर वर्षी पाखरं आली की हा वादही यायचा. नदीकाठच्या दगडांवर बसून आपण तो घालायचो आणि मेघराजभाई मधे हात घालून तुझ्या डब्यातलं थालीपीठ उचलायचे.

ऐंशी-एक्क्याऐंशी साल असेल. पाटणकर तेव्हा अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. त्यांनी वाचनालयात एक कागद लावला होता, की पाऊस सरता सरता उत्तरेकडून पक्षी यायला लागतात, ते बघायला दर रविवारी उल्हास नदीकाठी जाऊ, ज्यांना रस असेल त्यांनी यावं. रस असलेली माणसं निघाली तीन. स्वतः पाटणकर, उल्हासनगरच्या कॅम्पात चेन-बटणांचं दुकान असलेले मेघराजभाई आणि मी. मेघराजभाई का आले ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. दुकानात बसून बसून पाठ धरते, डॉक्टरने चालायला सांगितलंय, एवढंच म्हणायचे. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आठवडाभर हेडफोन घालून लोकांचे ट्रंक कॉल जोडायचे, आणि लागत नसेल तर लागत नाही म्हणून सांगायचं. लोक रडायचे, शिव्या द्यायचे, कोणाचा बाप गावी आजारी असायचा. तरी लाइन नसेल तर नाही, हेच सांगावं लागतं. आशेवर ठेवलं तर माणूस तास-तास फोनशी बसून राहतो. रविवारी मला माणसांचे आवाज नको असायचे, म्हणून मी आले होते.

तिघांत एक दुर्बीण घेऊन आम्ही तुझ्या गिरणीमागे उभे होतो, आणि तू मागच्या दाराने बाहेर आलीस. भुवयांपर्यंत पिठाने पांढरी. "कोनाचं काय हरवलं?" तू विचारलंस. पाटणकरांनी तुला सगळं समजावून सांगितलं. हिमालयापलीकडे थंडी पडते, मग ही एवढीशी पाखरं हजारो मैल उडत इकडे येतात, वगैरे. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, मग येऊ द्या की त्यांना, तुम्ही कशाला ताटकळता. पण गेली नाहीस. दुर्बीण मागून घेतलीस, पाण्यातल्या दगडावर शेपटी वर-खाली करत फिरणारं एक पिवळ्या पोटाचं पाखरू बघितलंस आणि म्हणालीस, हा तर परीट, दर पितरांना येतो. पुढच्या रविवारी आम्ही आलो तर तू डबा घेऊन तयार.

पाखरांतलं तुला फार कळत होतं, असं मी म्हणणार नाही. अंकात कोणी लिहिलं तरी ते खोटं आहे. तुझ्या लेखी पाखरं दोन. एक परीट आणि एक दुसरं. पाटणकर तुतारी दाखवत, थिरथिरा दाखवत, पर्णवटवट्यांचे चार प्रकार पिसापिसाने समजावून देत, आणि तू तेवढ्याच आदराने म्हणायचीस, "बरं, म्हंजे हे दुसरं." पाटणकरांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. परीट मात्र तुझा. त्याची ती बारीक, धातूवर नख मारल्यासारखी 'चिझिक' तू गिरणीचा पट्टा फिरत असतानाही ऐकायचीस म्हणे. त्यावर माझा विश्वास नव्हता, आणि तसं मी तुला सांगितलंही होतं, कारण तू विचारलं होतंस.

आपला मोसम पितृपक्षात सुरू व्हायचा. मेघराजभाईंना सुरुवातीला ते खटकलं होतं. तुमच्यात तर या दिवसांत नवं काही करत नाहीत ना, असं त्यांनी तुला विचारलं, तर तू म्हणालीस, पाखरांना कुठं पंचांग असतं? मग ठरून गेलं. पितृपक्षातल्या पहिल्या रविवारी तुझ्या गिरणीमागे जमायचं आणि दिवाळीच्या फराळाची गडबड सुरू होईपर्यंत दर रविवारी कुठेतरी जायचं. कधी जांभूळ गावच्या पाण्याच्या टाक्यांकडे, कधी बारवी धरणाला, कधी वांगणीच्या शेतांतून. एकदा तर वालधुनीकाठी गेलो होतो, नाक धरून. कारखान्यांच्या त्या जांभळ्या पाण्याच्या कडेलाही परीट होता, आणि तू त्याला रागावली होतीस की एवढ्या लांबून येऊन हीच जागा बरी सापडली.

आणि डब्याचा नियम तुझा होता. मोसमातला पहिला परीट ऐकल्याशिवाय डबा उघडायचा नाही. ताज्या दळलेल्या भाजणीची थालीपिठं, लोण्याचा गोळा, लसणीची चटणी, सगळं फडक्यात बांधलेलं. वास येत राहायचा आणि आम्ही उपाशी पोटी दगडांकडे बघत बसायचो. त्यातही पाटणकरांची अट होती, की एकट्यादुकट्याचं ऐकलेलं धरायचं नाही. ज्याने ऐकलं त्याने विचारायचं, दुसऱ्या कोणीतरी दुजोरा द्यायचा. ते 'कन्फर्म?' असं विचारायचे. तू त्याचं 'हाय का?' केलंस, आणि मग मेघराजभाईंपासून सगळेच 'हाय का', 'हाय' असंच म्हणायला लागलो. दुजोऱ्याशिवाय डबा नाही, हे इतकं पक्कं होतं की एका वर्षी परीट तीन रविवार आला नाही आणि तीनही रविवारी तू डबा तसाच परत नेलास.

तुझे कान कधी गेले ते मला नेमकं सांगता येणार नाही. गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाचे बारीक आवाज आधी जातात. माणसांचं बोलणं तुला ऐकू यायचं, जरा मोठ्याने बोललं की झालं. पण एकदा जांभूळला तुझ्या डोक्यावरच्या फांदीवर वटवट्या टिकटिक करत होता आणि तू दुसरीकडेच बघत होतीस. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यानंतर न ठरवताच सगळे बोटं दाखवायला लागले. आवाज आला की मेघराजभाई तुझ्या कोपराला हात लावायचे आणि नुसतं दाखवायचे. तू बघायचीस आणि म्हणायचीस, हो, ऐकलं की. परिटाच्या वेळी मी किंवा पाटणकर आधीच 'हाय का?' विचारायचो आणि तू ऐटीत 'हाय' म्हणायचीस. असे दोन मोसम निघाले.

मग तो रविवार. डोंबिवलीहून चार-पाच कॉलेजची मुलं आली होती, पाटणकरांचं भाषण ऐकून. त्यांना तुझा डबा, तुझा परीट, सगळं आधीच कोणीतरी सांगितलेलं. त्यामुळे तू जरा जोरात होतीस, ठेवणीतलं पातळ नेसली होतीस. पाणी अजून गढूळ होतं. आम्ही बराच वेळ बसलो. आणि एकदम तू बोट वर केलंस. "ऐकलंत? परीट. हाय का?"

नदीवर परीट नव्हता, कमलताई. पाण्याचा आवाज होता आणि पलीकडच्या काठावर कोणीतरी कपडे आपटत होतं. तुझ्या कानात आधीच्या इतक्या वर्षांतला एखादा वाजला असेल.

मेघराजभाई लगेच म्हणाले, "हाय दीदी, हाय. एकदम क्लिअर हाय." ते मी समजू शकते. मेघराजभाई गिऱ्हाइकालाही कधी नाही म्हणाले नाहीत. पण पाटणकरांनी आपल्या बुटांकडे बघत 'हाय' म्हटलं तेव्हा मला धक्का बसला. तुतारीच्या पायाचा रंग पटला नाही म्हणून आम्हाला अर्धी सकाळ चिखलात उभं करणारा हा माणूस. मुलांनी वह्या काढल्या. तू फडक्याची गाठ सोडायला घेतलीस आणि सोडता सोडता माझ्याकडे बघितलंस. नुसतंच, सवयीने.

मी म्हटलं, "नाय."

तुझा हात गाठीवर थांबला. तू मला परत विचारलं नाहीस. गाठ घट्ट केलीस, डबा उचललास आणि मागच्या दाराने आत गेलीस. मुलं बिचारी गोंधळून गेली. स्टेशनवर मेघराजभाईंनी सगळ्यांसाठी वडापाव घेतले, मला दिला नाही. पाटणकर फलाटावर माझ्याशी भांडले. एक शब्द होता बाई, म्हणाले, एका शब्दाने काय बिघडलं असतं? मी म्हटलं, तुम्ही आज जो 'हाय' म्हणालात, त्यानंतर तुमचा आधीचा कुठला 'हाय' धरायचा? असं बोलून मला बरं वाटत होतं, असंही नाही. पण तो 'नाय' मी आजही परत घेणार नाही.

नंतरचे दोन रविवार तू आली नाहीस. आम्हीही गिरणीमागे बसलो नाही. मला वाटलं, संपलं आता.

मग एका शुक्रवारी तू माझ्या दारात. शुक्रवारी आपल्याकडे वीज जायची, गिरणी बंद. माझी दुपारची पाळी होती. मी चहा टाकला. तू बशीत ओतून सावकाश प्यालीस, कप खाली ठेवलास आणि विचारलंस, कधीपासून. मी म्हटलं, दोन वर्षं झाली.

"आनि बोल्ली नायस?"

"तू विचारलं नाहीस."

तू म्हणालीस, "नलू, तू बाई हायस का टेलिफोन?" मला हसू आलं, तुलाही आलं, आणि मग तू रडलीस. खूप नाही, थोडंसंच. पदराने डोळे पुसलेस आणि जे बोललीस ते मला अजून तुझ्या आवाजात ऐकू येतं. "ते दोघं हाय बोल्ले ना, तवा मला काय खरं वाटलं नाय. आता कोन काय बोललं तरी खरं वाटायचं नाय. तू नाय बोल्लीस. म्हंजे तू हाय बोल्लीस तर ते असंल. आता मी तुलाच इचारनार."

आणि त्यानंतर सगळी वर्षं तू मलाच विचारलंस. नदीवर, बारवीच्या जंगलात, वांगणीच्या बांधांवर तू माझ्या उजव्या हाताला चालायचीस. मी थबकले की म्हणायचीस, हाय का? मी हाय म्हणायचे, नाय म्हणायचे. हाय म्हटलं की तू डोळे मिटून उभी राहायचीस आणि चेहऱ्यावर ऐकल्यासारखं समाधान यायचं. मी एकदा चिडून विचारलं, की ऐकू येत नाही तर डोळे मिटून काय करतेस? तू म्हणालीस, तू हाय बोल्लीस की मला त्याचा आवाज आठवतो, नुसतं बसून आठवायचा म्हटला तर नाय आठवत. त्या दिवशी मी तुला काही बोलले नाही. ते इथे बोलते. एक्स्चेंज तोवर आपोआप चालायला लागलं होतं. लोक कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन स्वतःच नंबर फिरवत होते. मला उचलून बिलांच्या टेबलावर बसवलं होतं. माझ्या कानांचा आठवडाभर कोणाला उपयोग नव्हता. रविवारी होता. त्याबद्दल मी तुझी फार ऋणी आहे, ताई, आणि हे तू असताना सांगायला हवं होतं. पण तू विचारलं नाहीस, आणि माझा नियम तुला माहीत आहे.

मधे विनयने तुला कानाचं यंत्र आणून दिलं. तुझा मुलगा हौशी, पहिल्या पगारवाढीत आणलं. ते घालून तू बारवीला आलीस आणि झाडाखाली गेलीस की ते शिट्टी मारायला लागायचं. तुला स्वतःला ती ऐकू येत नव्हती. पाटणकरांना आली. एक अतिशय बारीक, लांबलेली शीळ. त्यांनी सगळ्यांना हाताने थांबवलं, दुर्बीण लावली आणि तुझ्या डोक्यामागचं करवंदीचं जाळं पानापानाने तपासलं. पुस्तकात नसलेला पक्षी सापडला असं त्यांना वाटत होतं. मेघराजभाई नेहमीप्रमाणे 'हाय' म्हणून मोकळे झाले. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, हाय, पण तो कमलताईच्या कानात आहे. परत जाताना तू इतकी हसलीस की यंत्र गळून पडलं, आणि नंतर ते तू पिठाच्या डब्यावर ठेवून दिलंस ते कायमचं.

हसून झालं की मात्र आपला वाद निघायचा. ते दोन मोसम तू विसरली नव्हतीस. मला म्हायती नव्हतं आनि तुम्हां सगळ्यांना म्हायती व्हतं, म्हणायचीस, मी 'ऐकलं' म्हनायची तवा तुम्ही काय मनात हसत व्हता? मी म्हणायचे, नाही हसलो. मग सांगायचं व्हतं. तू विचारायचं होतंस. ज्याला ऐकूच येत नाय तो काय इचारनार, नलू? यावर मी म्हणायचे, की कोणी नंबर मागितल्याशिवाय मी कधी लाइन जोडली नाही, लोकांच्या घरात असं घुसायचं नसतं. तू म्हणायचीस, दोस्ताच्या घरात घुसायचं असतं. इथे मेघराजभाई डब्यात हात घालायचे आणि तो वाद पुढच्या वर्षावर जायचा.

यंदा श्रावणात तुझ्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी उघडलं आणि काही न करता मिटलं. मी पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा विनय ओट्यावरच थांबला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मावशी, म्हणाला, आईला काही सांगायचं नाही, ती खचेल. जितके दिवस आहेत तितके तिला सुखाने जाऊ देत. मी त्याला म्हटलं, तिने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. नाही विचारलं तर आपणहून काही बोलणार नाही. त्याला ते पुरेसं वाटलं. त्याने माझे हात हातात घेतले.

मी दर दोन दिवसांनी यायचे. तुझी खाट मागच्या खोलीत, नदीकडच्या खिडकीला लावलेली. तू सगळं विचारायचीस. मेघराजभाईंच्या मुलीचं जमलं का. भोरड्यांचे थवे आले का. पाटणकरांचा गुडघा कसा आहे. पितृपक्ष लागला तसं खिडकीकडे बोट करून विचारायला लागलीस, हाय का? मी नाय म्हणत राहिले, आणि एका दिवशी हाय म्हटलं, कारण होता. तू डोळे मिटलेस. त्या खोलीत त्या दिवशी मला सुख वाटलं, हे विचित्र आहे पण खरं आहे.

स्वतःबद्दल तेवढं तू विचारत नव्हतीस. कधी उठेन, बरी होईन का, डॉक्टर काय म्हणाले, काही नाही. विनय येता-जाता म्हणायचा, आई, दिवाळीपर्यंत तू हिंडायला-फिरायला लागशील बघ. तू म्हणायचीस, हो रे बाबा. मी शेजारी बसलेली असायचे आणि मनात म्हणायचे, तिने विचारलं नाही, आपला काही प्रश्न नाही. माझा नियम मला जन्मात पहिल्यांदा सोयीचा वाटला, आणि तो सोयीचा वाटला म्हणूनच मला त्याचा संशय आला. रात्रंदिवस एकच डोक्यात. तू आमच्यात पुन्हा एकदा तशीच बसली होतीस, बाकी सगळ्यांना माहीत आणि तुला नाही. पण सांगायचं तरी कसं? तुला काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं. पलीकडच्या खोलीत विनय, त्याची बायको, दळण घेऊन आलेल्या बायका.

एका दुपारी विनयने गिरणी सुरू केली. भिंत थरथरायला लागली, फळीवरचे पेले वाजायला लागले. आणि मला आठवलं, की त्या आवाजात आम्ही सगळे बहिरे होतो आणि तुला मात्र सगळं कळायचं. आयुष्यभर तू गिऱ्हाइकाच्या ओठांवरून ओळखत आली होतीस, गहू जाड हवाय का बारीक, कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाची सून माहेरी गेली. मी खुर्ची तुझ्यासमोर ओढली. नेहमीच्या आवाजात बोलले. माझे शब्द मलाच ऐकू आले नाहीत.

"ताई, तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तू यातून उठणार नाहीस."

तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. बघून झालं तरी बघत राहिलीस. मग काहीतरी बोललीस, ते मला कळेना. मला कुठे ओठ वाचता येतात? तेव्हा तू माझी मान धरून खाली ओढलीस आणि कानाशी तोंड आणलंस. तुझ्या हातात अजून इतकी ताकद होती.

"म्हायती हाय मला. कोन सांगतं ते बघत व्हते. वाटलं, तू तुझा नियम धरून बसशील आनि मी तशीच जाईन."

मी रडायला लागले, आणि तू मला थोपटत होतीस, उलटंच. मग परत कान ओढलास. "पोराला कळू देऊ नको मला म्हायती हाय ते. तो रोज बोलतो, बरी व्हशील. मी हो बोलते. मग त्याला झोप लागते. मी गेल्यावर सांग. आनि त्याने इचारल्यावर सांगीन, असं करू नको. तो नाय इचारायचा."

गिरणी थांबली. विनय हातावरचं पीठ झटकत आत आला. काय एवढ्या गप्पा चालल्यात, म्हणाला. तू मोठ्याने सांगितलंस, नलूला सांगत व्हते, दिवाळी झाली की बारवीला जाऊ. विनयने माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, तुला माहीत होतं. "जाणारच," तो म्हणाला. "हो ना मावशी?"

खोटं 'हाय' म्हणायचं नाही म्हणून नदीवर मी तुझा रोष पत्करला होता, आणि तोच प्रसंग पुन्हा माझ्यासमोर उभा होता. पण या वेळी विचारणारा तो होता आणि मला सांभाळायला सांगितलं होतं तू. मी 'हो' म्हटलं. बारवीला जाऊ म्हटलं. डबा मी करीन असंसुद्धा म्हटलं. तू माझ्याकडे पाहून भुवई उडवलीस, की बघ, जमतं की नाही तुला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी तू गेलीस.

आता लोक भेटायला येतात तेव्हा विनय सगळ्यांना सांगतो, आईला आम्ही शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. लोक म्हणतात, मुलगा असावा तर असा. पाटणकरांच्या मसुद्यातही ते वाक्य आहे, की आजाराची कल्पना नसल्याने त्या अत्यंत शांतपणे गेल्या. खरं म्हणजे ते वाचूनच मी कागद परत केला. विनय ते बोलतो तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. त्याला वाटतं, आपण आईला फसवलं, चांगल्यासाठी का होईना. शेवटचे दिवस तिच्याशी एक शब्द खरा बोललो नाही, असं त्याच्या मनात येत असणार. आणि तू म्हणालीस तेच खरं निघालं, तो मला काहीच विचारत नाही. मी ओट्यावर बसते, तो चहा आणून देतो, आणि आम्ही दळणाच्या भावाबद्दल बोलतो.

म्हणून ही पानं छापायला देण्याआधी आज संध्याकाळी मी मांजर्लीला नेणार आहे. गिरणी बंद झाली की त्याच्या हातात देईन आणि तो वाचेपर्यंत तिथेच बसेन. विनय, तुझ्या आईला सगळं माहीत होतं. तू 'बरी होशील' म्हणायचास ते तिने रोज ऐकून घेतलं, कारण तुला झोप लागावी असं तिला वाटत होतं. तू तिला फसवलं नाहीस, तिने तुला सांभाळलं.

कमलताई, त्याने विचारलेलं नाही. तरी सांगते आहे.